चित्रपटांतून भाषा शिकवण्याचा धंदा आणि परवानगीची बंद खिडकी

'शिक्षण' हा शब्द आपल्याकडे गंगाजलासारखा वापरला जातो. कोणत्याही व्यवहारावर तो शिंपडला की व्यवहार पवित्र झाला, असे मानण्याची रीत आहे. अलीकडे चित्रपटांतील प्रसंग कापून, त्यांखाली शब्दार्थ व व्याकरण देऊन भाषा शिकवणारे वर्ग आणि मोबाइलवरील अॅप्स पुष्कळ निघाली आहेत. महिन्याला किंवा वर्षाला वर्गणी घेऊन ती चालतात. प्रताधिकाराचा म्हणजे कॉपीराइटचा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेले असते : "आम्ही तर शिक्षण देतो." दुसरीकडे चित्रपटांचे हक्कधारक "परवानगीशिवाय एक फ्रेमही वापरू नका" असे बजावतात, पण रीतसर परवानगी मागणाऱ्याला बहुधा उत्तरच देत नाहीत. या दोघांच्या मध्ये जे प्रशासन उभे असायला हवे, ते जागेवर नाही.

माझे म्हणणे आरंभीच स्पष्ट करतो. धंदा करणाऱ्याने 'शिक्षणा'च्या आडून फुकट माल उचलू नये. मात्र मोबदला देण्याची तयारी असलेल्या माणसाला तो कोठे व किती भरायचा हे सांगणारी खिडकी शासनाने उघडली पाहिजे. ती नसताना निव्वळ दंडाची भाषा बोलणे हे कायद्याचे राज्य नव्हे. (येथील मते व्यक्तिशः माझी आहेत, मी ज्या सरकारची नोकरी करतो त्याची नाहीत.)

चित्रपटच का?

चित्रपटातून भाषा शिकण्याच्या उपयुक्ततेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे चेन्नईत काढली. व्याकरणाच्या पुस्तकातून मला तमिळ क्रियापदांची रूपे समजली. परंतु घरमालकाशी कोणत्या स्वरात बोलावे, कार्यालयातील वयस्क शिपायाला कसे संबोधावे, नकार न दुखावता कसा द्यावा, हे मी रविवारच्या चित्रपटांतून शिकलो. आदरार्थी रूप कोठे वापरायचे याचे कोष्टक पुस्तकात असते, पण ते न वापरल्यास समोरच्याचा चेहरा कसा होतो हे पडद्यावरच दिसते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांना हे वेगळे सांगायला नको. बंगळूर, इंदूर किंवा न्यू जर्सी येथे वाढणाऱ्या मुलाला मराठी ऐकू येते ते घरातील दोन माणसांच्या तोंडून. बाजारातले, भांडणातले, लाडातले, कचेरीतले मराठी त्याच्या कानावर पडावे कसे? चित्रपट हे त्याचे उत्तर आहे. भारतात याचा सामाजिक उपयोगही झालेला आहे. अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेत १९९६ साली ब्रिज कोठारी यांनी 'त्याच भाषेतील उपशीर्षके' ही कल्पना मांडली आणि पुढे दूरदर्शनवरील चित्रपटगीतांच्या कार्यक्रमांत गाण्याचे शब्द त्याच भाषेत पडद्यावर दाखवून साक्षरतेला हातभार लावला गेला. तात्पर्य, साधन उत्तम आहे. प्रश्न इतकाच की ते साधन कोणाच्या मालकीचे आहे.

चार सोयीस्कर समज

या व्यवसायातील तरुण मंडळी अधूनमधून सल्ला विचारायला येतात. त्यांच्या बोलण्यात चार समज हमखास आढळतात.

पहिला समज : "तीस सेकंदांपर्यंत चालते." भारतीय कायद्यात असा कोणताही सेकंदांचा नियम नाही. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १४ नुसार चित्रपटाची प्रत करण्याचा हक्क हक्कधारकाचा आहे आणि त्यात चित्रपटातील एखाद्या दृश्याचे छायाचित्र काढणेही स्पष्ट शब्दांत अंतर्भूत आहे. अगदी क्षुल्लक वापराकडे न्यायालय दुर्लक्ष करू शकते. इंडिया टीव्ही विरुद्ध यशराज फिल्म्स या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ साली तसे केलेही. परंतु ज्या व्यवसायाचा प्रत्येक धडा एका प्रसंगावर उभा आहे, त्याने आपला वापर क्षुल्लक असल्याचे कोणत्या तोंडाने सांगावे?

दुसरा समज : "आम्ही श्रेय देतो." श्रेय देणे हे सौजन्य आहे, परवाना नव्हे. शेजाऱ्याची सायकल नेताना तिच्यावर त्याच्या नावाची चिठ्ठी लावल्याने ती नेण्याचा हक्क मिळत नाही.

तिसरा समज : "आम्ही डीव्हीडी विकत घेतली आहे, वाहिनीची वर्गणी भरली आहे." विकत घेतली ती पाहण्याची मुभा. प्रत करण्याचा व ती पुन्हा विकण्याचा हक्क त्यासोबत येत नाही. शिवाय तबकडीवरील किंवा प्रक्षेपणातील संरक्षक कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडणे हा २०१२ च्या सुधारणेने आलेल्या कलम ६५ए अन्वये स्वतंत्र गुन्हा आहे व त्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

चौथा समज : "यात त्यांचेच भले आहे, फुकट जाहिरात होते." जाहिरात हवी की नको हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. पडीक दिसते म्हणून दुसऱ्याच्या जमिनीत पीक घ्यावे आणि "तुझी जमीन सुधारली" असे त्यालाच सांगावे, तसा हा प्रकार आहे.

या समजांवर विसंबणे महागात पडू शकते. कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली निट प्रो इंटरनॅशनल प्रकरणात दिला. म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

दिल्ली विद्यापीठाच्या निकालाचा आधार

थोडा अभ्यास केलेली मंडळी पाचवा मुद्दा काढतात आणि तो गंभीर आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानाविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिज आदी प्रकाशकांनी दावा लावला होता. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने सप्टेंबर २०१६ मध्ये आणि खंडपीठाने डिसेंबर २०१६ मध्ये कलम ५२(१)(आय) चा उदार अर्थ लावला. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेले पुनरुत्पादन हा हक्कभंग नव्हे. त्यास पानांची ठरावीक मर्यादा नाही, अध्यापनाच्या हेतूला जेवढे आवश्यक तेवढे चालेल, असा त्याचा आशय. हे कलम 'कोणत्याही कृती'विषयी बोलते, म्हणजे त्यात चित्रपटही आला. 'ना नफा' अशी अटही त्यात लिहिलेली नाही. मग खासगी भाषावर्गाला ते का लागू नये?

माझे उत्तर असे. शिक्षक वर्गात उभा आहे, समोर वीस विद्यार्थी आहेत, आणि 'वाटते' व 'वाटतो' यांतील फरक दाखवण्यासाठी तो एखादा प्रसंग दाखवतो. वर्ग खासगी असला तरी हे कलम त्याच्या बाजूने उभे राहावे असे मला वाटते. कलम ५२(१)(जे) तर शैक्षणिक संस्थेतील विद्यार्थी, पालक व कर्मचारी एवढ्याच प्रेक्षकांपुढे चित्रपट दाखवण्यास मुभा देतेच. परंतु तोच प्रसंग कापून सर्व्हरवर साठवायचा, त्याचा पक्का धडा करायचा आणि जगभरातील अनोळखी वर्गणीदारांना तो वर्षानुवर्षे विकायचा, हा 'अध्यापनाचा ओघ' नव्हे. ते प्रकाशन आहे. दिल्लीच्या खटल्यात दुकानदार पानामागे काही पैसे घेऊन विद्यार्थ्यांचे श्रम वाचवत होता, अभ्यासक्रम विद्यापीठाचा होता. येथे गिऱ्हाईक येते तेच मुळी चित्रपटाच्या आकर्षणाने. त्या आकर्षणावर उत्पन्न मिळवायचे आणि निर्मात्याला, संवादलेखकाला काहीच द्यायचे नाही, याला न्याय म्हणता येणार नाही.

कलम ५२(१)(ए) मधील 'न्याय्य वापरा'चा आधारही तोकडा आहे. २०१२ पूर्वी ते कलम चित्रपटांना लागूच नव्हते. आता लागू आहे, पण खासगी वापर व संशोधन, टीका वा समीक्षा, आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन एवढ्याच तीन हेतूंपुरते. अमेरिकेतील कायद्यासारखी चार निकषांची मोकळी कसोटी आपल्याकडे नाही.

परदेशस्थ वाचकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. वापर ज्या देशात होतो त्या देशाचा कायदा लागतो. अमेरिकेच्या कायद्यात समोरासमोरच्या वर्गात चित्रपट दाखवण्याची सवलत ना-नफा शैक्षणिक संस्थांनाच आहे. ब्रिटनमध्येही अध्यापनासाठीची सवलत अव्यावसायिक हेतूपुरतीच आहे. महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या शाळेला जे शोभते ते वर्गणी घेणाऱ्या कंपनीला शोभेलच असे नाही.

एका चित्रपटात किती कुलपे

येथवर मी व्यावसायिकांना बोल लावला. आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण खरा दोष तेथे अधिक आहे.

समजा, एखाद्या प्रामाणिक माणसाने ठरवले की वादच नको, जुना, प्रताधिकार संपलेला चित्रपट घेऊ. चित्रपटाचा प्रताधिकार प्रदर्शनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. १९९२ पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती. रवींद्रनाथांच्या साहित्याचे हक्क संपत आले तेव्हा संसदेने ती वाढवली. आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' १९५३ चा. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला चित्रपट. भाषेच्या दृष्टीने तर सोन्याची खाण. चित्रपट म्हणून त्याचा प्रताधिकार २०१३ च्या अखेरीस संपला. साने गुरुजी १९५० मध्ये निवर्तले, त्यामुळे मूळ पुस्तकाचाही २०१० च्या अखेरीस संपला. आता तरी मार्ग मोकळा झाला ना?

नाही. चित्रपटाचा हक्क वेगळा आणि त्यातील पटकथा-संवाद, गीते व संगीत यांचे हक्क वेगळे, असे कलम १३(४) सांगते. लेखनाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. पटकथा अत्र्यांची आणि त्यांचे निधन १९६९ चे, म्हणजे कायद्याच्या सरळ वाचनाप्रमाणे २०२९ च्या अखेरपर्यंत. संगीतकार वसंत देसाई १९७५ मध्ये गेले, म्हणजे २०३५ च्या अखेरपर्यंत. चित्रपटाची मुदत संपल्यावर त्याचे 'प्रदर्शन' करण्यास कलम ५२(१)(वाय) मुभा देते, त्यामुळे चित्रपट दाखवणे निर्वेध. पण त्यातील संवाद उतरवून त्यांचे पाठ्यपुस्तक छापणे निर्वेध नाही. भाषाशिक्षकाला तर नेमके तेच करायचे असते. आणि अमेरिकेत? भारतात १ जानेवारी १९९६ रोजी ज्या कृतींचा प्रताधिकार जिवंत होता, त्यांना तेथील कायद्याने प्रकाशनापासून ९५ वर्षांचे संरक्षण बहाल केले. त्या हिशेबाने १९५३ चा हा चित्रपट तेथे २०४८ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. पुण्यातील विद्यार्थ्याला चालणारा धडा शिकागोतील विद्यार्थ्याला पाठवता येत नाही.

ही स्थिती सत्तर वर्षे जुन्या चित्रपटाची. नव्या चित्रपटात निर्माता, संगीत कंपनी, उपग्रह हक्क घेतलेली वाहिनी, इंटरनेट हक्क घेतलेली सेवा असे अनेक दावेदार असतात. २०१२ च्या सुधारणेने असे ठरवले की करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हते, त्याचे हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय हस्तांतरित होत नाहीत. लेखकांच्या हिताची ही तरतूद योग्यच आहे, पण अॅपवरील धड्याचा हक्क नेमका कोणाकडे, हे खुद्द निर्मात्यालाही सांगता येईनासे झाले आहे.

अर्थशास्त्रात या दुखण्याला नाव आहे. रोनाल्ड कोस यांनी १९६० साली दाखवून दिले की व्यवहाराचा खर्च नगण्य असेल तर हक्क कोणाकडेही असला तरी पक्ष आपसांत सौदा करून साधनाचा उत्तम उपयोग करतात. खर्च मोठा असेल तर मात्र सौदाच होत नाही. मायकेल हेलर यांनी १९९८ साली मॉस्कोतील दृश्य वर्णिले : पदपथावरील टपऱ्या मालाने भरलेल्या आणि मागची पक्की दुकाने रिकामी, कारण त्या दुकानांवर नकाराधिकार असणारे अनेक होते. आपल्या चित्रपटांचे तेच झाले आहे. समजा, पन्नास धड्यांसाठी पन्नास चित्रपटांतील दोन-दोन मिनिटांचे प्रसंग हवे आहेत आणि प्रत्येकाचे वाजवी मोल दोन हजार रुपये आहे. पण हक्कधारक शोधण्यास, पत्रे लिहिण्यास, वकील नेमण्यास प्रत्येकी वीस हजार लागत असतील, तर कोण शहाणा ते करील? प्रामाणिक माणूस धंद्याचा नाद सोडतो, अप्रामाणिक माणूस प्रसंग उचलतो आणि नोटीस आलीच तर काढून टाकतो. ज्या व्यवस्थेत प्रामाणिकपणाची किंमत चोरीच्या किमतीहून दहापट असते, ती चोर निर्माण करते. निर्मात्याच्या हाती तरी काय येते? पहिल्याकडून काही नाही, दुसऱ्याकडूनही काही नाही.

राज्यसंस्थेचे घोंगडे

ही खिडकी उघडणे कोणाचे काम? येथे प्रशासनाची ओळखीची कथा सुरू होते. प्रताधिकार कार्यालय पूर्वी मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडे होते, ते २०१६ साली वाणिज्य व उद्योग मंत्रालयाकडे गेले. चित्रपट माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे आहेत. भाषा शिक्षण मंत्रालयाकडे आहेत. प्रत्येक मंत्रालयाच्या दृष्टीने हा विषय शेजारच्या मंत्रालयाचा. फायलीवर 'संबंधित मंत्रालयाचा अभिप्राय घ्यावा' असे लिहिले की आपले कर्तव्य पार पडते, हे मी तीस वर्षे जवळून पाहत आलो आहे.

विवाद सोडवणाऱ्या यंत्रणेची कथा याहून करुण. अनिवार्य परवान्याचे अर्ज पूर्वी कॉपीराइट बोर्डाकडे जात. २०१७ साली ते काम बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे गेले. २०२१ साली ते मंडळच बरखास्त झाले आणि काम न्यायालयांकडे आले. हक्कधारक सापडत नसेल तर कलम ३१ए अन्वये परवाना मागता येतो खरा, पण त्यासाठी आधी देशव्यापी खपाच्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची आणि मग न्यायालयाची पायरी चढायची. तेही कृती लोकांपासून रोखून धरलेली असेल तरच. जो चित्रपट दूरचित्रवाणीवर वारंवार लागतो पण ज्याचा मालक पत्राला उत्तर देत नाही, त्यासाठी हे कलम निरुपयोगी आहे. दोन मिनिटांच्या प्रसंगासाठी हा द्राविडी प्राणायाम कोणी करावा अशी अपेक्षा तरी का धरावी?

आणि मनात आणले तर शासनाला हे जमत नाही असे मुळीच नाही. रेडिओ कंपन्यांना गाणी हवी होती तेव्हा शासनव्यवस्था झटपट जागी झाली. २०१० साली कॉपीराइट बोर्डाने खासगी एफएम वाहिन्यांसाठी निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के असा दर ठरवून दिला, आणि २०१२ साली कलम ३१डी द्वारे प्रसारकांना संगीत व ध्वनिमुद्रिकांसाठी वैधानिक परवान्याचा मार्गच खुला करण्यात आला. हक्कधारकाने नाही म्हणायचे नाही, प्रसारकाने ठरलेला दर भरायचा. पुढे दराबद्दल वाद झाले, २०२० साली दर बदलले, पण खिडकी होती म्हणून वादाला जागा तरी मिळाली. माझा प्रश्न सरळ आहे. जाहिरातींवर चालणाऱ्या रेडिओसाठी जे केले ते देशातील भाषा शिकवणाऱ्यांसाठी का करू नये? संसदेने भाषांतराच्या परवान्यासाठी कलम ३२ आणि अध्यापनासाठी पुस्तकांच्या पुनर्मुद्रणाकरिता कलम ३२ए लिहिले. भाषा शिकण्याचे सर्वांत जिवंत साधन जे चित्रपट, त्यातील उताऱ्यांसाठी मात्र काही नाही.

उलट भाषांविषयी आपली वाणी मोठी मधुर असते. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था १९६९ पासून आहे, पुण्यातील तिचे पश्चिम विभागीय केंद्र अन्य राज्यांतील शिक्षकांना मराठी शिकवते. २०२१ साली केंद्राने 'भाषा संगम' अॅप काढून २२ भाषांतील नित्याची शंभर वाक्ये लोकांच्या हाती दिली. २०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. शंभर वाक्यांनी बोली येत नाही आणि पेढ्यांनी भाषा टिकत नाही.

काय करता येईल

टीका करून थांबणे अधिकाऱ्याला शोभत नाही, म्हणून चार सूचना मांडतो. पहिल्या दोहोंसाठी कायदा बदलण्याचीही गरज नाही.

(१) शासनाने आपल्या घरापासून आरंभ करावा. फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने निर्मिलेले चित्रपट, दूरदर्शनच्या मालिका यांपैकी ज्यांचे हक्क सार्वजनिक संस्थांकडे आहेत, त्यांची यादी जाहीर करावी आणि पाच मिनिटांपर्यंतच्या उताऱ्यासाठी संगणकावर भरता येईल असा अर्ज व ठरलेला दर ठेवावा. २०२२ साली फिल्म्स डिव्हिजन आणि पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय याच महामंडळात विलीन झाल्याने निर्णय घेणारे कार्यालयही एकच आहे. मात्र संग्रहालयात रिळे असणे आणि हक्क असणे यांत अंतर आहे, ते यादीत स्पष्ट असावे.

(२) हक्कधारकांची नोंदवही लोकांसमोर ठेवावी. प्रत्येक प्रदर्शित चित्रपटाला चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते, त्यावर अर्जदाराचे नाव असते. शिवाय व्हिडिओ कॅसेटवर हक्कधारकाचे नाव-पत्ता छापणे कलम ५२ए ने बंधनकारक केलेले आहे. कॅसेटच्या खोक्यावर जे सापडत होते, ते इंटरनेटच्या युगात सापडू नये हा उफराटा न्याय झाला. हस्तांतरणाच्या नोंदी ऐच्छिक असल्या तरी मूळ निर्मात्याचा दुवा राज्यसंस्थेच्या दप्तरात आहे. तो शोधता येईल असा मांडावा.

(३) निर्मात्यांच्या संघटनांनी उताऱ्यांसाठी सामूहिक परवाना द्यावा. संगीताच्या क्षेत्रात १९६९ साली स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी हे काम करते आणि प्रताधिकार संस्थांनी आपले दरपत्रक प्रसिद्ध केलेच पाहिजे असे कलम ३३ए सांगते. ब्रिटनमध्ये १९८९ पासून एज्युकेशनल रेकॉर्डिंग एजन्सी आणि ऑस्ट्रेलियात १९९० पासून स्क्रीनराइट्स या संस्था प्रक्षेपित कार्यक्रमांच्या अध्यापनातील वापरासाठी एकत्रित शुल्क घेऊन हक्कधारकांत वाटतात. त्या व्यवस्था शिक्षणसंस्थांसाठी आहेत, धंद्यासाठी नाहीत, हे खरे. पण एकदा हिशेबाची यंत्रणा बसली की धंद्यासाठी वरचा दर लावणे अवघड नाही.

(४) वरील तिन्हींनी काम झाले नाही तर संसदेने कलम ३१डी च्या धर्तीवर भाषाशिक्षणासाठी वैधानिक परवाना आणावा. उताऱ्याला मिनिटांची मर्यादा, एका चित्रपटातून घ्यायच्या एकूण भागाला मर्यादा, उत्पन्नाच्या टक्केवारीत शुल्क, आणि त्यात संवादलेखकाचा ठरलेला वाटा. शेवटची अट मला विशेष महत्त्वाची वाटते. भाषेचा विद्यार्थी जे शिकतो ते संवादलेखकाचे शब्द असतात, आणि आजवर त्यालाच सर्वांत कमी मिळत आले आहे.

यावर निर्मात्यांकडून आक्षेप येईल की, "माल आमचा, द्यायचा की नाही हे आम्ही ठरवू." चित्रपटगृहाचे, वाहिनीचे, रिमेकचे हक्क त्यांनी जरूर ठरवावेत. पण दोन मिनिटांचा, खाली व्याकरण लिहिलेला प्रसंग पाहून कोणी तिकीट काढायचे थांबत नाही. त्यांचे नुकसान शून्य आणि मिळकत शून्याहून अधिक, असा हा व्यवहार आहे. प्रताधिकार ही निसर्गदत्त मालमत्ता नव्हे. निर्मितीला उत्तेजन मिळावे म्हणून समाजाने दिलेली ती मुदतबंद सनद आहे आणि सनद देणाऱ्याला अटी घालण्याचा अधिकार असतो.

तोवर काय करावे

खिडकी उघडेपर्यंत व्यवसाय करणाऱ्यांनी काय करावे, हेही विचारले जाते. प्रसंगाची प्रत करू नका. शिकणाऱ्याला आपल्याच वर्गणीवर, अधिकृत ठिकाणी चित्रपट पाहू द्या आणि तुम्ही शब्दार्थ, व्याकरण, सांस्कृतिक टिपा व स्वाध्याय स्वतः लिहून द्या. सुटे शब्द आणि वाक्प्रचार कोणाच्याही मालकीचे नसतात, सलग संवाद मात्र असतात, त्यामुळे संपूर्ण संहिता उतरवून देऊ नका. एखाद्या प्रसंगासारखा प्रसंग हवा असेल तर नवे संवाद लिहवून घ्या, स्थानिक नाट्यकर्मींकडून ते करवून घ्या. महाराष्ट्रात एकांकिका लिहिणाऱ्यांची व करणाऱ्यांची वाण नाही, आणि त्यांना चार पैसे मिळतील. ज्या छोट्या निर्मात्यांशी थेट बोलणे शक्य आहे, त्यांच्याशी लेखी करार करा व त्यात संवाद, गीत, माध्यम, देश आणि मुदत यांचा स्वतंत्र उल्लेख करा.

हे करता येते, पण ही तडजोड आहे. तमिळ शिकताना मला ज्या प्रसंगांनी भाषेच्या आत नेले, ते कोणी माझ्यासाठी मुद्दाम लिहिलेले नव्हते, आणि म्हणूनच ते कामाला आले. असे हजारो प्रसंग आपल्या सर्व भाषांत पडून आहेत. ते शिकवायला माणसे तयार आहेत, शिकायला माणसे तयार आहेत, आणि त्यांतील बरेच जण त्यासाठी पैसे मोजायलाही तयार आहेत. पैसे मोजणारा आहे, माल आहे, मालक आहे, फक्त पावती फाडणारे कोणी नाही. अशा वेळी 'चोरी करू नका' एवढेच सांगणारे शासन अर्धेच काम करत असते. उरलेले अर्धे काम पावतीपुस्तक छापण्याचे आहे, आणि ते शासनाखेरीज दुसरे कोणी करणार नाही.